आधी उतरणे, मग उडी
स्फोटक शक्ती, खेळ आणि दुखापतीनंतरचे पुनर्वसन

दरवर्षी हिवाळ्यात वसतिगृहातील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही त्रिरश्मी बुद्धलेणीला जातो. नाशिककर जिला पांडवलेणी म्हणून ओळखतात, तीच ही लेणी. तेथील शिलालेखांतून गौतमी बलश्री आणि उषवदात यांची ओळख मुलांना करून देणे, हे इतिहासाचे शिक्षक या नात्याने आमचे काम. पण शिलालेखापर्यंत पोहोचण्याआधी पायऱ्या येतात, आणि पायऱ्या दिसल्या की मुले धावत सुटतात. सावकाश चढा, असे कितीही बजावले तरी वर कोण आधी पोहोचतो याची शर्यत लागतेच. परतताना तीच मुले दोन-दोन पायऱ्या गाळून उड्या मारत उतरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाला निम्म्या मुलांना मांडी घालून बसवत नाही.

अशाच एका सकाळी आठवीतील एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, दम तर चढताना लागला. मग मांड्या उतरल्यामुळे दुखतात, असं खेळाचे सर का म्हणतात?’’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. क्रीडाशिक्षकांना विचारले, फिजिओथेरपिस्ट झालेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याला बोलते केले, काही वाचन केले. त्यातून जे उमगले ते केवळ दुखणाऱ्या मांड्यांपुरते नव्हते. खेळाडू वेगवान कसा होतो, त्याचा गुडघा कशाने जातो आणि गेलेला गुडघा पुन्हा मैदानावर कसा येतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या पायऱ्यांवरच सापडतात. ही माहिती आम्हाला फार उशिरा मिळाली. तो उशीर एका विद्यार्थिनीला महागात पडला. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

ताकद आणि शक्ती

रोजच्या बोलण्यात ताकद आणि शक्ती हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पदार्थविज्ञानात तसे नाही. किती जोर लावता येतो ती ताकद. तो जोर किती कमी वेळात लावून काम उरकता येते ती शक्ती.

साधे गणित करून पाहू. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या ६० पायऱ्या म्हणजे नऊ मीटरची चढण. ४५ किलो वजनाचा विद्यार्थी ती चढतो तेव्हा सुमारे ३,९७० ज्यूल इतके कार्य होते. तो एका मिनिटात चढला तर त्याची शक्ती झाली सुमारे ६६ वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. त्याच पायऱ्या तो पंधरा सेकंदांत चढला तर तीच शक्ती सुमारे २६५ वॅट होते. पायऱ्या त्याच, वजन तेच, कार्यही तेवढेच. फरक फक्त वेळेचा.

खेळात हा वेळच मिळत नाही. वेगाने धावणाऱ्या धावपटूचे पाऊल जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकलेले असते. स्नायूला आपला पूर्ण जोर लावायला मात्र सेकंदाचा तिसरा भाग किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणून जड वजन सावकाश उचलू शकणारा माणूस वेगवान धावेलच असे नाही. खो मिळताच पाटीवरून उठून झेपावणारी मुलगी, चढाईत रेषेकडे उसळणारा कबड्डीपटू, गोळा फेकणारा खेळाडू या सर्वांना क्षणार्धात मोठा जोर लागतो. यालाच शारीरिक शिक्षणात स्फोटक शक्ती म्हणतात. शाळेत उभी लांब उडी मोजतात ती पायांच्या याच शक्तीची चाचणी.

शरीरातील स्प्रिंग

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. चढताना मांडीच्या पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू उलट काम करतो. शरीर खाली कोसळू नये म्हणून तो ताणला जात असतानाच जोर लावून धरतो. जणू गाडीचा ब्रेक. या कामाला दम कमी लागतो, कारण त्यासाठी प्राणवायू कमी खर्च होतो. पण ताणले जात असताना भार पेलल्याने स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि एक ते तीन दिवस मांड्या ठणकतात. सवय नसलेल्याला हा ठणका अधिक होतो. सवय झाली की तोच स्नायू तो भार सहज पेलतो.

हे ब्रेक लावणेच स्फोटक शक्तीचा पाया आहे. उडी मारण्यापूर्वी आपण नकळत किंचित खाली वाकतो. त्या क्षणी स्नायू व टाचेमागची जाड कंडरा ताणली जाते, त्यात ऊर्जा साठते आणि ताबडतोब उसळी घेतली तर ती परत मिळते. वाकून दोन-तीन सेकंद थांबलो तर साठवलेली ऊर्जा वाया जाते. जो खेळाडू चांगला ब्रेक लावू शकतो, तोच चांगला उसळू शकतो.

या तत्त्वावर शास्त्रशुद्ध प्रशिक्षण उभे केले ते सोव्हिएत संघातील युरी वेर्खोशान्स्की यांनी. १९६० च्या दशकात उडी मारणाऱ्या खेळाडूंना त्यांनी उंच ठोकळ्यावरून खाली उतरून लगेच वर उसळण्याचा सराव दिला. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेचे फ्रेड विल्ट यांनी अशा व्यायामांसाठी ‘प्लायोमेट्रिक्स’ हा शब्द प्रचारात आणला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेर्खोशान्स्कींच्या त्या उंच उड्या वर्षानुवर्षे ताकद कमावलेल्या प्रौढ खेळाडूंसाठी होत्या. मोबाइलवरील चित्रफिती पाहून आपली मुले पाण्याच्या टाकीवरून किंवा कट्ट्यावरून तशा उड्या मारू लागतात, तेव्हा ती इमारतीचा पाया न खोदता कळस चढवत असतात.

लांब पल्ल्यालाही उपयोग

स्फोटक शक्ती ही फक्त उडी आणि शंभर मीटरवाल्यांची गोष्ट आहे, असा आमचाही समज होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका अभ्यासाने तो दूर केला. त्यात लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या एका गटाने नऊ आठवडे आपल्या सरावाचा सुमारे एक तृतीयांश भाग कमी अंतराच्या वेगवान धावा, उड्या आणि हलक्या वजनाच्या जलद व्यायामांना दिला. एकूण सराव वाढवला नाही, फक्त बदलला. त्यांचा पाच किलोमीटरचा वेळ सुधारला. विशेष म्हणजे त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढलेली नव्हती. तेवढ्याच वेगाला लागणारी ऊर्जा कमी झाली होती. पायांतील स्प्रिंग कडक झाली, म्हणजे प्रत्येक पावलाला परतफेड अधिक मिळू लागली.

आपल्या जिल्ह्याला लांब पल्ल्याचा मोठा वारसा आहे. हरसूल परिसरातील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे त्यांचे नाव आपल्या मुलांच्या तोंडी आहे. डोंगरवाटांनी रोज चढ-उतार करणारी मुले लांब धावण्यात पुढे येतात, यात नवल वाटू नये. उतरणीवरचे प्रत्येक पाऊल ब्रेकचा धडा असतो.

श्रमाची ताकद

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ वडिलांसोबत विहिरी खोदण्याच्या कामावर जात. दुष्काळी गावातला हा तरुण २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि पुण्यात नौकानयन शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात त्याने सुवर्णपदक मिळवले. नौकानयन हा वरकरणी हातांचा खेळ दिसतो. प्रत्यक्षात वल्ह्याला पहिला जोर पायांचा लागतो, आणि तोही झटक्यात.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या उदाहरणापाशी आम्ही नेहमी थांबतो. आपल्या वस्त्यांत ताकदीची वानवा कधीच नव्हती. विहिरी खोदणारे, दगड फोडणारे, ऊस तोडणारे, ओझी वाहणारे हात आपल्याच आजा-पणज्यांचे होते. पण ती ताकद दुसऱ्यांच्या कामी खर्ची पडली. तिला पोटभर आहार, विश्रांती आणि प्रशिक्षण मिळाले नाही. शरीर कसायचे म्हणजे त्याला आणखी राबवायचे, दुखले तरी गप्प बसायचे, ही सवय आपल्यात याच इतिहासातून आली. तिला आपण काटकपणा म्हणतो आणि मुलांकडूनही तिची अपेक्षा ठेवतो. ती सवय खेळाच्या मैदानावर किती घातक ठरते, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो.

आमची चूक

बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या खो-खो संघात नववीतील एक मुलगी होती. पळतीत तिला बाद करणे भल्याभल्यांना जमत नसे. एका सामन्यात हुलकावणी देताना तिचे पाऊल जमिनीत रुतले, शरीर वळले आणि गुडघा आत गेला. कोणाचा धक्का लागला नव्हता. तिला आतून ‘कट्’ असा आवाज जाणवला. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला. आम्ही बर्फ लावला, विश्रांती दिली, गावाकडच्या जाणत्यांकडून मालिशही करून घेतले. तीन आठवड्यांत सूज उतरली. पाचव्या आठवड्यात पुढच्या फेरीचा सामना होता. ‘‘सर, आता अजिबात दुखत नाही,’’ असे ती म्हणाली. संघासोबत गेलेले शिक्षक आम्हीच होतो. आम्ही तिला मैदानात उतरवले. पहिल्याच डावात तोच गुडघा पुन्हा निसटला. नंतरच्या तपासणीत गुडघ्याच्या आतील मुख्य अस्थिबंध, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ म्हणतात, तुटल्याचे आणि गुडघ्यातील गादीही फाटल्याचे निघाले. ती पुन्हा खो-खो खेळली नाही.

आज मागे वळून पाहताना तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, एसीएलच्या बहुतेक दुखापती धक्क्याने होत नाहीत. उडीवरून उतरताना, अचानक थांबताना आणि वळताना होतात, म्हणजे ब्रेक कमी पडल्याने होतात. दुसरी, असेच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये त्या अधिक आढळतात. म्हणून मुलींना खेळापासून दूर ठेवायचे नसते, तर त्यांना उतरण्याचे शिक्षण आधी द्यायचे असते. नॉर्वेतील १३ ते १७ वयाच्या फुटबॉलपटू मुलींवर झालेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस मिनिटांच्या सरावपूर्व व्यायामात ताकद, तोल आणि योग्य रीतीने उतरणे यांचा समावेश केल्यावर एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. त्यासाठी कोणतीही महागडी साधने लागली नव्हती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: दुखणे थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे.

पुनर्वसन म्हणजे काय

दुखापत झाली की दुखणारा पाय आपण वापरत नाही. काही आठवड्यांतच मांडीचा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका बारीक होतो. सूज आणि वेदना आधी जातात. ताकद त्यानंतर येते. आणि क्षणार्धात जोर लावण्याची व झेलण्याची क्षमता सर्वांत शेवटी परतते. चालणे, जिना चढणे, सावकाश धावणे जमू लागले म्हणून खेळाडू मैदानात उतरतो, पण खेळ मागतो ती शेवटची क्षमता अजून आलेलीच नसते.

म्हणून पुनर्वसनाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम सूज कमी करून गुडघा पूर्ण सरळ होऊ देणे. मग दोन्ही पायांवर, पुढे एका पायावर ताकद मिळवणे. त्यानंतर कमी उंचीवरून दोन पायांवर उतरून स्थिर थांबणे. ते जमल्यावर उडी, मग एका पायावरची उडी, आणि शेवटी दिशा बदलत धावणे. दुखऱ्या पायाची ताकद व उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के झाल्याशिवाय खेळू देऊ नये, हा सर्वसाधारण दंडक आहे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर घाई किती महाग पडते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ओस्लो अभ्यासाने दाखवले. त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटलेला आढळला. आम्ही त्या मुलीला दिलेले पाच आठवडे आठवले की मान खाली जाते.

मोठ्या खेळाडूलाही यातून सूट नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेला आणि महार रेजिमेंटमध्ये सैनिक झालेला अविनाश साबळे आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याला २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या पार कराव्या लागतात. प्रत्येक वेळी एका पायावर उतरायचे आणि त्याच पावलावरून पुन्हा वेग घ्यायचा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. जुलै २०२५ मध्ये मोनाको येथील शर्यतीत पाण्याच्या उडीवर तो पडला. एसीएल आणि गुडघ्याच्या गादीला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. एवढ्या मोठ्या खेळाडूला जागतिक स्पर्धा सोडून थांबावे लागते. मग आपल्या मुलांनी तालुक्याच्या सामन्यासाठी थांबणे हा कमकुवतपणा कसा ठरेल?

हा विषय केवळ खेळाडूंचा आहे असेही नाही. वय वाढते तसे ताकदीपेक्षा शक्ती लवकर ओसरते. ठेच लागल्यावर झटकन दुसरे पाऊल पुढे टाकून सावरणे ही स्फोटक शक्तीच होय. आमच्या पन्नाशीतील वाचकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने खुर्चीवरून हात न टेकता चटकन उठणे आणि सावकाश बसणे एवढा सराव रोज केला, तरी उतारवयात पडण्याचा धोका कमी करण्यास मदत होईल.

आपल्या मैदानावर

आता क्रीडाशिक्षकांनी आपल्या मैदानावर काही नियम घालून घेतले आहेत. पालकांना व इतर शाळांना उपयोगी पडतील म्हणून ते येथे देतो.

नवीन विद्यार्थी पहिले सहा ते आठ आठवडे फक्त बैठका, एका पायावरचा तोल, पायरीवर चढणे व सावकाश उतरणे एवढेच करतो. मग एका पायरीच्या उंचीवरून उतरून तीन सेकंद स्थिर थांबायचे. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेत राहिले पाहिजेत, आत वळता कामा नयेत. पाऊल टेकल्याचा आवाज जितका कमी, तितके उतरणे चांगले. शिक्षकाला मोजमापाचे यंत्र नसले तरी कान पुरतात. उतरणे जमल्याशिवाय उडी नाही.

उड्यांचा सराव आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर ठेवून. सुरुवातीला एका वेळी पन्नास-साठ उड्यांपेक्षा अधिक नाहीत. प्रत्येक उडी पूर्ण जोराने आणि मधे पुरेशी विश्रांती घेऊन. दमलेल्या मुलाकडून उड्या मारून घेणे म्हणजे चुकीचे उतरणे शिकवणे. माती, हिरवळ किंवा वाळू चालेल, सिमेंट नको. दोरीउड्या आणि आपली लंगडी हे सर्वांत स्वस्त व उत्तम व्यायाम आहेत. लंगडी हा एका पायावरच्या उसळीचाच खेळ आहे. फक्त दोन्ही पायांनी आळीपाळीने खेळावा. सरावानंतर पोटभर जेवण हवे, त्यात डाळ, उसळ, अंडी असावीत, आणि रात्री पुरेशी झोप हवी. गुडघ्यात आवाज आला, सूज आली किंवा गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर मालिश न करता थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावे. परतण्याचा निर्णय सामन्याच्या तारखेवर ठरत नाही. तो उपचार करणाऱ्याने तपासून द्यायचा असतो.

धम्माचे वाचन करणाऱ्यांना सोण भिक्खूची कथा ठाऊक असेल. साधनेच्या आवेशात चंक्रमण करता करता त्याच्या तळव्यांतून रक्त वाहू लागले आणि निराश होऊन तो परत फिरण्याचा विचार करू लागला. तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेची आठवण करून दिली. तार अति ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. प्रशिक्षणाविषयी आम्ही जे काही वाचले, त्याचे सार याहून वेगळे नाही.

ती विद्यार्थिनी आज परिचारिका आहे. तिच्याविषयी लिहिण्याची परवानगी आम्ही मागितली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘जरूर लिहा सर. माझ्या वेळी कोणाला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय, तर सगळ्यांना सांगा.’’ गेल्या वर्षी ती आपल्या मुलीला घेऊन लेणीवर आमच्यासोबत आली होती. चढताना ती सर्वांच्या पुढे होती. उतरताना मात्र एक हात कठड्यावर ठेवून, एकेक पायरी जपून उतरत होती. तिची मुलगी पुढे उड्या मारत निघाली, तेव्हा तिने हाक मारून थांबवले आणि पायरीवर कसे उतरायचे ते तिला स्वतः दाखवले.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे वैद्यकीय किंवा क्रीडा क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवस शाळेसाठी द्यावेत, मुलांचे गुडघे, तोल आणि उड्या तपासाव्यात, अशी विनंती या स्मरणिकेच्या निमित्ताने करीत आहोत. मैदानाच्या कडेला वाळूचा एक खड्डाही हवा आहे. खर्च फार नाही. पण पुन्हा कोणा मुलीला कठडा धरून उतरावे लागू नये, यासाठी तो खड्डा लवकर व्हावा असे आम्हाला मनापासून वाटते.